लोटननानांच्या कॉम्प्युटरचं साल

लोटननानांच्या बैठकीत भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे चालत असे आणि त्याच्या खालचा कॉम्प्युटर सहा वर्षं मागे. दोन्ही मुद्दाम. घड्याळ पुढे होतं, कारण शहाद्यात वेळेवर कोणी येत नाही, निदान आपण तरी यावं, असं नानांचं म्हणणं. कॉम्प्युटर मागे होता, कारण त्याला आजच्या तारखेवर आणलं की तो काम थांबवत असे. या दोघांच्या मधे लाकडी खुर्चीत, शर्ट पँटमध्ये खोचून, नाना बसलेले असत. बरोबर वेळ आपल्यालाच माहीत आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती.

मी पतसंस्थेत हिशेब तपासण्याचं काम करतो. आमच्या दोघांच्या घरांची भिंत एकच. त्यामुळे त्यांच्याकडचा यूपीएस कुकरच्या शिटीसारखा ओरडला की आमच्याकडे डाळ करपली आहे का ते पाहायला बायको उठत असे.

नाना साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झाले होते. टाइम ऑफिस म्हणजे गेटवरची ती खिडकी, जिथे कामगाराची हजेरी लागते आणि उशिरा आला तर पगार कापला जातो. नानांनी ती खिडकी अशी चालवली, की हंगामात बॉयलर थंड पडला तरी चालेल, पण मस्टर गरम राहिलं पाहिजे. सख्ख्या मेव्हण्याचा त्यांनी अर्धा दिवस कापला होता. मेव्हणा म्हणाला, "नाना, तुमनीच बहीणले दवाखानामा लई गयतू." नाना म्हणाले, "बहीणना दिवस भरेल शे. तुन्हा अर्धा. लेट म्हंजे लेट." हे शेवटचे तीन शब्द ते इतक्यांदा म्हणत, की कॉलनीतली पोरं क्रिकेटमध्ये धावबाद दिल्यावर तेच ओरडत.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी लागतं. कोणी देवळात जातो, कोणी शेअर बाजारात. नाना समाजाची वधू-वर सूची काढू लागले. आमच्या समाजातल्या लग्नाच्या मुलामुलींची नावं, फोटो, जन्मतारीख, वय, उंची, शिक्षण, मामाकुळ. दर वर्षी मेळाव्याच्या आधी पुस्तक छापलं जाई. नानांनी त्यासाठी नंदुरबारच्या एका दुकानदाराकडून खास प्रोग्राम करून घेतला होता. जन्मतारीख टाकली की वय तो स्वतः काढे आणि त्याप्रमाणे नावं क्रमाने लावे. वापराची मुदत एका सालाच्या शेवटापर्यंत होती. पुढचं साल उजाडलं, पडद्यावर मुदत संपल्याची चौकट आली आणि नानांनी दुकान गाठलं, तेव्हा तिथे मोबाइलची कव्हरं विकली जात होती. दुकानदार सुरतेला गेला होता.

चौकटीत लिहिलं होतं, विक्रेत्याशी संपर्क साधा. नाना लेखी आदेश मानणारे. त्यांनी नंबर शोधून फोन लावला.

"काका, अब तो मैं कुर्ती बेचता हूँ," तिकडून आवाज आला. "आप तारीख पीछे कर दो, चल जाएगा. और घर में लेडीज के लिए कुछ चाहिए तो फोटो भेजूँ?"

नानांनी तारीख मागे केली आणि प्रोग्राम उघडला. तेव्हापासून दर एक जानेवारीला, बाकीचं गाव नव्या वर्षाच्या शुभेच्छा पाठवत असताना, नाना कॉम्प्युटरला ढकलून मुदतीच्या त्या शेवटच्या वर्षात परत नेऊन ठेवत. हे त्यांनी लपवलं नाही. उलट दुकानदाराला चकवल्याचा त्यांना अभिमान होता. बँकेचं संकेतस्थळ त्या यंत्रावर उघडेना, कारण तारखेचा मेळ बसत नव्हता. जोडणी सुरक्षित नाही, असा लाल इशारा यायचा. नाना म्हणत, "बँकनं काही खरं नही." विषाणूप्रतिबंधक प्रोग्राम रोज रडायचा. त्याला त्यांनी उपटून फेकलं.

पुण्यात नोकरी करणारा त्यांचा पुतण्या दिवाळीला आला, तेव्हा त्याने सांगितलं, "नाना, नवीन घ्या. हे यंत्र संग्रहालयात द्या." आपल्या नव्या लॅपटॉपवर त्याने तो प्रोग्राम चालवून पाहिला. हा प्रोग्राम या कॉम्प्युटरवर चालू शकत नाही, असं लॅपटॉपने स्पष्ट कळवलं. पुतण्याने जुन्या विंडोजसारखं वागण्याची सूचना देणारी खूण केली, लॅपटॉपने तीही मानली नाही.

"तुन्हा नवा तुनापासी ठेव," नाना शांतपणे म्हणाले. "मन्हा चाली ऱ्हायना ना?"

चालवण्याची नानांची पद्धत मात्र बघण्यासारखी होती. कॉम्प्युटरची पेटी सुरू झाली नाही की ते तिचा कुशीचा पत्रा काढत, आतली मेमरीची पट्टी उपसत आणि तिचे सोनेरी दात शाळेतल्या खोडरबराने घासत. हा उपाय खरा आहे हे मला नंतर कळलं. त्याच्या जोडीने ते पेटीवर उजव्या बाजूला दोन थापा मारत, तो खरा आहे की नाही हे अजून कळलेलं नाही. उन्हाळ्यात पत्रा काढूनच ठेवलेला असे आणि घरातला एकुलता चांगला टेबलफॅन पेटीच्या पोटात वारा घालत असे. पाहुणे घाम पुसत.

एकदा पडद्यावर आलं की ॲडमिनिस्ट्रेटरची परवानगी आवश्यक आहे. नानांनी त्या चौकटीचा फोटो छापून घेतला आणि समाजाचे अध्यक्ष अण्णासाहेब यांच्याकडे गेले. "मशीन म्हणी ऱ्हायनं, साहेबनी परवानगी लागी. समाजना साहेब तुम्हीच ना?" अण्णासाहेबांनी आयुष्यात कुठल्या कागदावर सही करायला नकार दिलेला नव्हता. त्यांनी 'परवानगी देण्यात येते' असं लिहून सही ठोकली, खाली शिक्का मारला. तो कागद नानांनी पेटीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी पेटी दोन थापांनी सुरू झाली. अण्णासाहेब हे अजून भाषणात सांगतात.

या सगळ्याला हसणारं घरात एकच माणूस होतं. नानी वारल्यानंतर घरात नाना आणि धाकटी मुलगी जयू. जयू फार्मासिस्ट. बसस्टँडजवळच्या मेडिकलमध्ये नोकरीला. वडिलांकडून तिने वक्तशीरपणा घेतला होता आणि आईकडून, बहुतेक, जीभ. फॅन पेटीकडे वळवलेला दिसला की विचारायची, "नाना, आज कोनले ताप शे?"

जयूचं लग्न हा त्या घरातला न बोलण्याचा विषय होता. न बोलण्याचं कारण असं. ती सत्तावीसची असताना दोंडाईच्याकडून एक स्थळ आलं. मुलगा शिक्षक, माणसं चांगली. बारा वाजता येणार होते. रस्त्यात गाडीचं चाक बसलं आणि ते एक वाजून गेल्यावर पोचले. मी तेव्हा नानांच्या शेजारी खुर्ची भरायला बसलो होतो. मुलाचा बाप घामाघूम, हात जोडून आत आला. नानांनी त्याच्याकडे पाहण्याआधी घड्याळाकडे पाहिलं. तेही पाच मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाकडे.

"तुम्ही आमना कारखानामा ऱ्हातात, तं आज अर्धा दिवस कापाई जाता," ते म्हणाले.

लोक हसले. नाना हसले नाहीत. "लेट म्हंजे लेट. सोयरीकना पहिलाच दिवस लेट, तं पुढे काय?" त्यांनी पाहुण्यांना चहा दिला. पोहे तयार होते, ते दिले नाहीत. मुलाच्या बापाने कप अर्धा ठेवला आणि सगळे उठले. आत जयू साडी नेसून बसलेली होती. तिने साडी बदलली आणि दुपारच्या पाळीला मेडिकलमध्ये गेली, वेळेवर.

त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. आली, पण वय विचारून गेली.

गेल्या वर्षी मेळाव्याच्या आधी माझी बहीण तिच्या मुलीचं नाव सूचीत घालायला म्हणून माझ्याकडे आली. भाची बावीस वर्षांची, पदवीधर. माझा मुलगा अजून शाळेत, त्यामुळे सूची मी कधी उघडून वाचली नव्हती. नुसती कपाटात ठेवत असे. भाचीची माहिती घेऊन मी नानांकडे गेलो. त्यांनी ती टाकली. पडद्यावर आलं, नोंद ग्राह्य नाही.

"हाई असंच करस," नाना म्हणाले. "नवा पोरंपोरी लेतच नही. जुना प्रोग्राम शे, नवा लोकेसशी जमत नही त्यानं."

म्हणजे काय, विचारलं, तर कळलं की काही वर्षांपासून हे चाललं आहे. पहिल्यांदा एखाददुसरी नोंद नाकारली जायची. मग जास्त. नाकारलेल्या मुलामुलींची नावं नाना टंकलेखन यंत्रावर टाइप करून पुस्तकाच्या शेवटी पुरवणी म्हणून जोडत. मूळ सूची तशीच राहायची आणि पुरवणी दर वर्षी जाड होत जायची. यावर उपाय म्हणून नानांनी खोडरबर, थापा, फॅन आणि अण्णासाहेबांची सही असं सगळं करून पाहिलेलं होतं. पुतण्याने फोनवरून एक फाइल पाठवली होती, ती टाकल्यावर पेटी दोन दिवस मुकी झाली होती.

मी म्हटलं, एक करून पाहू. मी भाचीचं जन्मसाल दोनने मागे घेतलं आणि नोंद केली. गेली. मागे घेतलं नाही की जात नव्हती. मग मी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहिली आणि भाचीचं जन्मसाल त्यातून वजा केलं. उत्तर सोळा आलं.

"नाना," मी म्हटलं, "प्रोग्राम बरोबर आहे. सोळा वर्षांच्या मुलीचं लग्न लावायला तो तयार नाही. सज्जन प्रोग्राम आहे."

नानांना कळायला वेळ लागला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची मिनिटं मोजली, त्याला कॉम्प्युटरची सहा वर्षं मागे नेताना हे सुचलं नव्हतं की वय त्याच तारखेवरून निघतं. मी घरी जाऊन कपाटातल्या जुन्या सूच्या आणल्या आणि त्यांच्यासमोर उघडल्या. पहिल्या वर्षी सगळ्यांची वयं बरोबर. पुढच्या वर्षी तीच. त्याच्या पुढच्या वर्षीही तीच. आमच्या समाजात लग्न न झालेल्या कोणाचंही वय सहा वर्षांत वाढलेलं नव्हतं. अठ्ठावीसचा मुलगा अठ्ठावीसचाच, फोटोत केस मात्र मागे सरकलेले. जन्मतारीख शेजारीच छापलेली होती, वजाबाकी कोणालाही करता आली असती. सूची घरोघरी जात होती. एकाही आईबापाची तक्रार आली नव्हती. कोणाच्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. तक्रार आली नाही, एवढंच म्हणतो.

नानांनी पानं उलटत एका जागी बोट ठेवलं. जयू. वय सत्तावीस. दुसरं पुस्तक, सत्तावीस. तिसरं, सत्तावीस.

प्रोग्रामला मुदतीच्या आतली कुठलीही तारीख चालली असती, आणखी मागचीसुद्धा. नाना दर वेळी तेच साल टाकत आले होते. ते सवयीने की आणखी कशाने, यावर मी काही लिहीत नाही. ते माझ्या तपासणीच्या कक्षेत येत नाही.

"सहा वरीसनं मस्टर खोटं," नाना म्हणाले. आवाज बारीक होता. "मन्हं मस्टर."

अडचण अशी होती की पुढच्याच रविवारी धानोऱ्याचे लोक जयूला पाहायला येणार होते. सूची पाहूनच त्यांनी विचारणा केली होती. मुलाचं वय छापलेलं एकोणतीस. घरची शेती आणि खताचं दुकान. फोनवर बोलणं छान झालं होतं. बऱ्याच दिवसांनी नानांनी बैठकीला रंग दिला होता.

मी अण्णासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सगळ्यांचंच सारखं कमी झालंय ना? मग बिघडलं कुठे? मुलगाही तेवढाच कमी, मुलगीही तेवढीच कमी. अंतर तर बरोबर आहे!" आकड्यांच्या दृष्टीने यात चूक काढता येत नव्हती आणि याचाच मला राग आला. ते पुढे म्हणाले, "आणि नानाला सांग, रविवार होऊ दे. मग काय करायचं ते कर." त्यांचा एक पुतण्याही सूचीत होता, सलग चौथ्या वर्षी तीसचाच.

नानांनी जयूला संध्याकाळी सांगितलं. भिंत एकच असल्याने मला ऐकू आलं. मी टीव्ही बंद केला, हे खरं आहे.

"माले माहीत शे," जयू म्हणाली.

"माहीत शे? मंग बोलनी का नही?"

"काय बोलू? मुदत सरेल औषध मी कंपनीले परत धाडस. माले कोठे धाडशात? पन त्या लोकेसले खरं सांगी द्या, नाना. मी सत्तावीसनी व्हईसन कोनाच घरमा जावाव नही."

"सांगं तं येवाव नहीत त्या."

"नही येवोत. पोहा आपुन खाई लिसूत."

दुसऱ्या दिवशी सकाळी नानांनी मला बोलावलं. फोन करताना साक्षीदार हवा, असं म्हणाले. टाइम ऑफिसची सवय. शर्ट खोचलेला, चष्मा पुसलेला. फोन मोठ्या आवाजावर टाकला.

"शहादाथून लोटननाना बोली ऱ्हायनू. मन्ही पोर तेहतीसनी शे. सूचीमा सत्तावीस छापेल शे, ती मशीननी चूक शे. म्हंजे, मन्हीच चूक शे. आते तुम्ही रविवारले येशात तरी ठीक, नही येशात तरी ठीक."

तिकडे मागे कुठेतरी पाण्याची मोटर चालू होती. नाना फोनकडे असे पाहत होते, जसे कामगार त्यांच्या खिडकीकडे पाहत असतील.

"नाना," मुलाचे वडील म्हणाले, "आमना पोऱ्या बी एकोणतीसना कोठे शे? तो पस्तीसना शे. आम्ही सूची देखी आनि गप बसनूत. म्हनं, देवनी किरपा शे, कसाले बोलानं." मग ते मोठ्याने हसले. "बारा वाजता येतस."

बारा हा आकडा ऐकून नानांचा चेहरा किंचित आक्रसला.

शनिवारी नाना दिवसभर कॉम्प्युटरपुढे होते. मूळ सूचीतली सगळी नावं त्यांनी जन्मतारखांसकट छापून घेतली आणि वयाचा रकाना उडवला. ज्याला वय हवं त्याने वजाबाकी करावी. समाजाच्या इतिहासात एवढा कठोर निर्णय झालेला नाही. अण्णासाहेब दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत. शेवटचं पान बाहेर आल्यावर नानांनी कोपऱ्यातल्या तारखेवर जाऊन आजची तारीख टाकली. प्रोग्राम उघडायला गेले. मुदत संपली आहे, विक्रेत्याशी संपर्क साधा. त्यांनी 'ठीक आहे' दाबलं. चौकट गेली आणि मागे काही उरलं नाही. थाप मारायला हात उचललेला मी पाहिला. तो त्यांनी तसाच खाली ठेवला.

लग्न जमलं. जयू आता धानोऱ्यात आहे, खताच्या दुकानाशेजारी तिने स्वतःचं मेडिकल काढलं आहे आणि सासऱ्यांना गोळ्यांच्या वेळा चुकवू देत नाही म्हणे. नाना मोठ्या मुलाकडे नाशिकला गेले. पेटी भंगारवाल्याने नेली, अण्णासाहेबांच्या परवानगीसकट. शेजारच्या भिंतीतून आता काही ओरडत नाही. आमची डाळ करपली तर ती खरोखरच करपलेली असते.

पण नाना म्हटलं की मला दिसतात ते त्या रविवारचे. बारा वाजले. साडेबारा वाजले. पोहे झाकून ठेवलेले. टेबलफॅन प्रथमच माणसांकडे वळवलेला. एक वाजला. नाना फाटकाशी उभे, घड्याळाचं मनगट उलटं धरून. मी आत बसून घड्याळ पाहत होतो आणि खरं सांगायचं तर हिशेब करत होतो की या वेळी चहा तरी मिळेल का. जयू आतल्या दारात उभी होती. तिचं लक्ष घड्याळाकडे नव्हतं, वडिलांच्या पाठीकडे होतं.

दीडच्या सुमाराला गाडी वळली, तेव्हा मीही फाटकाशी गेलो. मुलाचे वडील उतरता उतरताच हात जोडून म्हणाले, "माफ करा नाना, लई उशीर व्हई गया. प्रकाशा गावना पुलवर ऊसना ट्रॅक्टर पलटेल व्हता."

नानांनी मनगटाकडे पाहिलं. ओठ हलले, ते तीन शब्द तिथपर्यंत आलेले मला दिसले. मग त्यांनी बाहीचं बटण लावून मनगट झाकलं आणि फाटक पूर्ण उघडलं.

"कोन म्हणस उशीर?" ते म्हणाले. "आमनं घड्याळच पुढे शे."